स्वयंपाकघरातलं मतदान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दर शनिवारी इथे ब्रॅकनेलच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये ज्यांच्याबरोबर बॅडमिंटन खेळतो त्या मित्रांनाही नाही. वेल्समध्ये, कार्डिफला शिकत असताना मी एका कमिटीसमोर खोटं बोललो. त्या खोट्यापायी एका मुलीला विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीतून बाद केलं गेलं. ती माझी मैत्रीण होती. त्या शहरात मला तेवढी एकच मैत्रीण होती.

कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. ते खरं नाही. तिने विचारलं होतं.

मी पुण्याहून एम.एस्सी. करायला आलो तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा असेन. घुमा मुलगा. घरी आई म्हणायची, "याच्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागते." पुण्यात ते खपून जायचं, कारण तिथे आपण बोललो नाही तरी लोक येऊन बसतात. इथे तसं नसतं. इथे तुम्ही गप्प राहिलात तर लोक तुमच्या गप्प राहण्याचा मान राखतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत सगळ्यांनी माझा फार मान राखला.

हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, आमच्या मजल्यावर एक लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या आणि टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. ख्रिसमसच्या सुटीत सगळे आपापल्या घरी गेले. माझ्या शेजारच्या खोलीतला वेल्श मुलगा शेवटी गेला. जाताना फ्रिजमधलं अर्धं चीज मला देऊन गेला. त्यानंतर आठवडाभर त्या मजल्यावर मी एकटा. ख्रिसमसच्या दिवशी बस नसतात हे मला माहीत नव्हतं. स्टॉपवर उभा राहिलो, बराच वेळ. शेवटी कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, "आज काहीच येणार नाही, लव्ह." दुकानंही बंद. घरी फोन करून मी सांगितलं की मित्रांकडे जेवायला आलोय, मागे टीव्ही चालू आहे म्हणून नीट ऐकू येत नाही. टीव्ही खरंच चालू होता. मीच लावला होता.

जानेवारीत मराठी मंडळींनी एका चर्चच्या हॉलमध्ये संक्रांत केली. तिथे ती भेटली. लेस्टरची, तिथेच जन्मलेली, कार्डिफला पदवीच्या शेवटच्या वर्षाला. आईने लांब पल्ल्याच्या बसने पाठवलेला तिळगुळाचा डबा घेऊन ती सगळ्यांसमोर फिरत होती आणि प्रत्येकाला आधीच बजावत होती, "हळू चाव हं. माझा आई ते सिमेंटने बनवते."

तिचं मराठी असंच होतं. लिंगांचा पार गोंधळ, पण बोलायची भीती नाही. माझ्या अगदी उलट.

"ख्रिसमसला तू कुठे गेला होता?" तिने विचारलं.

माहीत नाही का, पण मी तिला खरं सांगितलं. बस स्टॉप, टीव्ही, फोन, सगळं. ती हसली नाही. डबा खुर्चीवर ठेवून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हे चूक आहे. कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे." इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसांचा हा स्वभाव मला अजून चकित करतो. काही चुकीचं दिसलं की कुणीतरी काहीतरी करेल यावर त्यांचा विश्वास असतो. तिच्या बाबतीत तो कुणीतरी म्हणजे ती स्वतः होती.

ती वेल्फेअर ऑफिसरच्या पदाला उभी राहणार होती. इथल्या संघटनेत असं पद म्हणजे वर्षभराची पूर्णवेळ पगारी नोकरी असते. ऑफिस मिळतं, विद्यापीठाच्या बैठकांना बसायला मिळतं. पण तिच्यासाठी प्रश्न वेगळाच होता. तिच्या वडिलांचं लेस्टरला ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. त्यांच्या पाठीचं दुखणं वाढलं होतं आणि पदवी झाली की मुलीने घरी येऊन दुकान बघावं, असं ठरल्यात जमा होतं. तिने वडिलांकडून एक वचन घेतलं होतं. निवडून आली तर एक वर्ष कार्डिफला राहायचं, आणि दुकान तोवर मावशीचा मुलगा सांभाळेल. हरली तर जूनमध्ये बॅग भरायची.

"एक वर्ष, बस," ती म्हणायची. "मला एक वर्ष माझा पाहिजे."

तिच्या जाहीरनाम्यात पहिला मुद्दा माझा होता. सुटीत ज्यांना घरी जाता येत नाही त्यांच्यासाठी एका हॉलची कॉमन रूम उघडी ठेवायची आणि ख्रिसमसला एकत्र जेवण करायचं.

फेब्रुवारीत प्रचार सुरू झाला. मी त्यात कसा ओढला गेलो ते आठवत नाही, पण त्या दिवसांएवढा आनंदात मी त्याआधी नव्हतो. माझा वेल्श शेजारीही तिच्या टीममध्ये होता. चित्रं चांगली काढायचा. आमच्या स्वयंपाकघरात जुन्या चादरी पसरून तो तिच्या नावाचे बॅनर रंगवायचा आणि मी शेजारी बसून ड्रायरने रंग वाळवायचो. प्रत्येक लेक्चरच्या आधी प्राध्यापकांची परवानगी काढून उमेदवार एक मिनिट बोलायचे; मी दार धरून उभा असायचो. चॉकलेटं वाटायचो. पत्रकं वाटायचो. सप्टेंबरपासून ज्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं ते आता थांबून बोलायचे. अर्थात मी त्यांच्या हातात काहीतरी कोंबत होतो म्हणून. पण मला ते चालत होतं.

मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी उमेदवारांची जाहीर सभा झाली. तिला हस्टिंग्ज म्हणतात. प्रेक्षकांच्या प्रश्नांना उमेदवार उत्तरं देतात. तिला कुणीतरी विचारलं, सुटीतल्या जेवणाचा हा मुद्दा आला कुठून? ती म्हणाली, "माझा मित्र इथेच बसलाय. तोच सांगेल." आणि तिने मला उभं राहायची खूण केली. हातात माइक आला. मी दोन वाक्यं बोललो. बस स्टॉप, टीव्ही. सभागृहातून एक लांब, मऊ "ऑऽ" असा आवाज आला, मांजराचं पिल्लू बघून काढतात तसा. मग टाळ्या. बाहेर पडल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात टाकून दोन मैत्रिणींना सांगितलं, "हा माझा मॅनिफेस्टो."

सगळे हसले. मीही हसलो. पण मला ते लागलं. जे मी फक्त तिला सांगितलं होतं ते आता त्या इमारतीतल्या सगळ्यांचं झालं होतं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. लागायचं ते लागलंच. तिला मात्र मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती तिथल्या तिथे सॉरी म्हणाली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

मतदानाचा दिवस आला. मत ऑनलाइन द्यायचं होतं. आपला नंबर आणि पासवर्ड टाकायचा आणि उमेदवारांना पसंतीनुसार एक, दोन, तीन आकडे द्यायचे. माझ्या डोक्यात मतदानाचं चित्र पुण्याचं होतं. माझा मामा एका नगरसेवकाचा कार्यकर्ता. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर मांडव, मांडवात पोहे आणि चहा, आणि मामा रिक्षा पाठवून म्हाताऱ्यांना आणायचा. "मतदार उपाशी बूथवर जाता कामा नये," हे त्याचं ब्रीद. लहानपणी आम्ही पोरं दिवसभर तिथे खात बसायचो. त्यात काही गैर असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही. पाहुणा आला की त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचं, तसंच मतदारापुढे.

मी सकाळी मोठ्या पातेल्यात पोहे केले. हॉलमधल्या सगळ्या भारतीय मुलामुलींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. टेबलाच्या एका टोकाला पातेलं आणि दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप, मतदानाचं पान उघडून ठेवलेला. तिला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिला नंतर सांगून चकित करायचं होतं.

आणि माणसं आली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासाठी नसली तरी माझ्या हाकेने, माणसं आली. खुर्च्या संपल्या तेव्हा काही ओट्यावर बसली. कुणी लिंबू मागत होतं, कुणी शेव नाही का म्हणत होतं. एका नागपूरकराने पातेल्यात डोकावून नाक मुरडलं.

"नुसतेच पोहे? तर्री कुठे आहे बे?"

"तू आधी मत टाक, मग तर्रीचं बघू."

"म्हणजे आधी मत, मग पोहे?"

"तसंच समज."

"पुणेकर फुकट काही देत नाही भाऊ," तो बाकीच्यांना म्हणाला, आणि सगळं स्वयंपाकघर हसलं.

एकेक जण लॅपटॉपसमोर बसत होता आणि मी खांद्यावरून वाकून दाखवत होतो, हिच्यासमोर एक टाक. कुणी कांकू केलं नाही. एका मुलीने फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी तिथून हटेन अशा अपेक्षेने. मी हटलो नाही.

तेवढ्यात माझा वेल्श शेजारी आला. त्याने बशीभर पोहे घेतले, दोन घास खाल्ले, मग लॅपटॉप बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"हे चालत नाही, माहीत आहे ना तुला?"

"अरे, साधा नाश्ता आहे."

"नाश्त्याचं नाही म्हणत. तू त्यांच्या डोक्यावर उभा आहेस." त्याने बशी ओट्यावर ठेवली. "तिला माहीत आहे?"

"नाही. तिला सरप्राइज."

"बंद कर ते आताच," तो म्हणाला. मी लॅपटॉप मिटला, पण तोवर जवळपास सगळ्यांचं मत देऊन झालं होतं. मुलं पोहे संपवून क्लासला गेली. बश्या मी एकट्याने धुतल्या. तेवढं काम तरी होतं, म्हणून सावकाश धुतल्या.

त्यातल्याच कुणीतरी क्लासमध्ये गंमत म्हणून सांगितलं असणार. दुपारी दुसऱ्या एका उमेदवाराच्या लोकांनी तक्रार केली. तक्रारीत "आधी मत, मग पोहे" हे वाक्य इंग्रजीत भाषांतर करून घातलेलं होतं. इंग्रजीत ते अजिबात विनोदी वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमिटीने बोलावलं. आधी माझ्या शेजाऱ्याला, मग मला. निवडणूक अधिकारी म्हणून एक प्रौढ बाई होत्या, बरोबर आणखी दोघं. मी दरडावणीच्या तयारीने गेलो होतो. बाईंनी चहा विचारला. बिस्किटांची ताटली माझ्याकडे सरकवली. मी एक बिस्कीट उचललं आणि तसंच हातात धरून बसलो.

"आम्हाला एकच गोष्ट समजून घ्यायची आहे," त्या म्हणाल्या. "हे उमेदवाराच्या सांगण्यावरून झालं का? तिला माहीत असेल तर जबाबदारी तिची. तिला माहीत नसेल तर तिला ताकीद देऊन मतमोजणीत ठेवता येईल. पण मग तुमचं वागणं विद्यापीठाच्या शिस्तीच्या नियमांखाली तपासायला द्यावं लागेल. हे तुम्हाला आधी सांगणं मला योग्य वाटतं."

शिस्तीचे नियम म्हटल्यावर मला विद्यापीठ दिसलं नाही. मला विमानतळ दिसला. पासपोर्टवरचा व्हिसा दिसला, आणि दारात उभे असलेले वडील दिसले. असं काही होणार नव्हतं हे मला आज कळतं. फार तर एक समज देऊन सोडलं असतं. तेव्हा कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

मी म्हणालो, "तिला माहीत होतं."

बाईंनी मान वर केली. "नक्की?"

"हो. तिनेच सांगितलं होतं."

हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. ते नुसत्या भीतीने बोललो नाही, एवढं मला आज सांगायचं आहे. ते बोलताना मला सभागृहातला तो मऊ आवाज ऐकू येत होता. भीती अर्धी होती. उरलेला अर्धा हिशेब मी चुकता करत होतो, आणि त्यात क्षणभर बरं वाटलं.

संध्याकाळी तिला बाद केल्याचं जाहीर झालं. तिची मतं मोजलीच नाहीत.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मी भात लावत होतो. कोट अंगातच होता. ती रडलेली होती, पण आता रडत नव्हती.

"ते पोहे तू माझ्यासाठी केला, मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याच्यावर चिडले नाही. खरंच. पण ते म्हणाले, माझ्याच टीममधल्या कुणीतरी सांगितला की मला माहीत होता. त्यांनी नाव नाही सांगितला." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "तू सांगितला?"

"नाही."

"मग त्याने?" तिने शेजारच्या खोलीकडे मान हलवली.

मी गॅस बारीक केला. काही बोललो नाही. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. माझ्या घुमेपणाची तिला सवय होती; त्याचा जो अर्थ लागायचा तो तिने लावला. "ओके," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. आणि त्याला कळायचं ते कळलं होतं. दोघांनाच बोलावलं होतं. आपण काय सांगितलं हे त्याला माहीत होतं. काही दिवसांनी तो किटलीत पाणी भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तिला सांगणार नाही. ते तूच सांगायचंस."

"सांगेन," मी म्हणालो.

"कधी?"

"परीक्षा होऊ दे."

त्याने किटली लावली. पाणी उकळलं, त्याने एकाच कपाचा चहा केला. त्याआधी तो नेहमी दोन करायचा. परीक्षा झाल्या. जाताना त्याने माझ्या दारावर टकटक केली नाही. बाहेर गाडीची डिकी आपटल्याचा आवाज आला, तेवढंच.

ती जूनमध्ये लेस्टरला गेली.

खरं तर इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण पुढचं याहून वाईट आहे. डिसेंबर आला. मी अजून कार्डिफलाच होतो. कोर्स संपला होता, एका गोदामात काम करत नोकरी शोधत होतो. तिचा फोन आला. "ख्रिसमसला तू एकटा राहणार नाही. माझा आई म्हणते, चोवीसलाच ये." ती निवडून आली असती तर कॉमन रूम उघडायला कार्डिफमध्येच असती. ते वर्ष हातचं गेलं आणि तरी तिला माझी आठवण राहिली होती.

मी गेलो. नको म्हणायला हवं होतं. पण पुन्हा तो आठवडा एकट्याने काढायची माझी ताकद नव्हती.

लेस्टरला, गुजराती वस्तीतल्या बेलग्रेव्ह रोडपासून जरा आत दुकान होतं. ती काउंटरच्या मागे उभी होती, कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती. गिऱ्हाइकांशी गुजरातीत बोलत होती. ते तिने दुकानातच शिकून घेतलं होतं. वाफेने तिचे केस कपाळाला चिकटले होते. मला बघून हसली. हसणं तेच होतं, फक्त लवकर संपलं.

जेवायला तिच्या आईने पुरणपोळी केली होती. वडील पाठीला उशी लावून बसले होते. बोलता बोलता निवडणुकीचा विषय निघाला. मी ताटाकडे बघत होतो.

"वाईट झालं," ते म्हणाले. "माझी पोर लबाडी करायची नाही, मला माहीत आहे. पण कमिटीने तसं लिहिलं म्हटल्यावर, खरं सांगतो, चार दिवस मलाही शंका आली होती. मी तिला बोललो. बोलायला नको होतं." मग त्यांनी तुपाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तू एकटाच तिच्या पाठीशी राहिलास बघ. तो दुसरा पोरगा असा निघाला. तू मात्र घरचा आहेस. घे, संकोच करू नकोस."

मी तूप घेतलं. पोळी खाल्ली. आणखी एक वाढली, तीही खाल्ली.

परतल्यावर मी तिचे फोन घेणं हळूहळू बंद केलं. मार्चमध्ये ब्रॅकनेलला नोकरी लागली, नंबर बदलला, तिला नवा दिला नाही. ती मला शोधत राहिली असेल का, मला माहीत नाही. असेल तर काही दिवस, मग तिनेही माझ्या गप्प राहण्याचा मान राखला असेल.

त्यानंतर माझ्या आयुष्यात बरंच काही चांगलं झालं. लग्न झालं, मुलगी झाली, घर घेतलं. पण मैत्री म्हणावी अशी नाही झाली. शनिवारी खेळतो, सगळ्यांच्या घरी जातो, हसतो. कुणी माझ्याशी मनापासून चांगलं वागायला लागलं की मला उठून जावंसं वाटतं. बायको म्हणते, तुम्ही आता दिसलात आणि आता नाहीसे झालात. ती हे गमतीत म्हणते.

गेल्या वर्षी मुलगी शाळेच्या कौन्सिलला उभी राहिली. "बाबा, पोस्टरला हेल्प कर ना." मी ऑफिसचं काम आहे म्हटलं आणि खाली गाडीत जाऊन बसलो. ती पोस्टर एकटीनेच रंगवत बसली असणार. ती हरली नाही, पण त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता.

लेस्टरच्या त्या मैत्रिणीला पोह्यांचं काहीच माहीत नव्हतं; तिचं नाव कमिटीसमोर मी घेतलं. हे मला तिला सांगायचं आहे, आणि तिच्या वडिलांना, ते असतील तर. त्या वेल्श मुलाला सांगायचं आहे की त्याच्या नावावर जे गेलं ते माझं होतं. हे मी समोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं देणं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.